दुभत्या शेळ्यांचा लहान कळप : आरंभ कसा करावा
(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, वसतिगृह, विवाहातील अनिष्ट खर्च अशा गंभीर विषयांवर विद्वानांची भाषणे झाली आहेत. त्या मालिकेत शेळीचे नाव घेऊन उभे राहताना मला थोडा संकोच वाटतो. आपल्या ज्ञातीत ‘शाळा सोडलीस तर शेळ्या राखशील’ ही मुलांस घालावयाची धमकी होती, आणि मी स्वतः चौतीस वर्षे मास्तरकी करून ती धमकी कित्येक मुलांस घातलेली आहे. त्याच मास्तराने निवृत्तीनंतर शेळ्या राखाव्या, हा दैवाचा विनोद म्हणावयाचा.

कार्यवाहांनी मला आज पाचारण केले त्याचे कारण आपणांस ठाऊक आहे. आपल्या पतपेढीने तरुण सभासदांस शेळीपालनासाठी कर्ज द्यावे, अशी सूचना मंडळापुढे आली आहे. एका कुटुंबास २० शेळ्या आणि १ बोकड असा तीत हिशेब धरला आहे. सूचनेमागील हेतू निर्मळ आहे, याबद्दल मला शंका नाही. तथापि माझे मत स्पष्ट सांगतो. वीस शेळ्यांनी आरंभ करू नये. तीन शेळ्यांनी करावा. आणि त्या तीनही, चारा उभा राहिल्याखेरीज दारात आणू नयेत. असे मी का म्हणतो, ते माझ्याच फजितीवरून सांगणे बरे.

मी २०१२ साली निवृत्त झालो. सिन्नर तालुक्यात वडिलोपार्जित अडीच एकर जमीन, एक विहीर आणि हातात भविष्यनिर्वाह निधीची रक्कम. त्या जूनमध्ये एका मोठ्या आठवडे बाजारास गेलो आणि एका दिवसात बावीस शेळ्या खरेदी केल्या. दलाल बरोबर होता. निरनिराळ्या गावांहून आलेली ती जनावरे एकाच टेंपोत कोंबली, वाटेत पाऊस लागला, आणि रात्री दहा वाजता ती भिजलेली, भेदरलेली शेळके माझ्या अंगणात उतरली. आजूबाजूची मंडळी पाहावयास जमली होती. मला मोठा अभिमान वाटला.

सहाव्या दिवशी एक शेळी मान खाली घालून उभी राहिली. अंगात ताप, नाकातून पाणी, मग घट्ट शेंबूड, डोळे चिकटलेले, हिरड्यांवर आणि जिभेवर फोड, पाठोपाठ दुर्गंधीची हगवण. डॉक्टर आले तेव्हा नऊ शेळ्या आजारी होत्या. तो पीपीआर नावाचा विषाणुजन्य रोग होता. आपल्यातील वृद्धांस गुरांची बुळकांडी आठवत असेल. तिच्याच कुळातला हा शेळ्या-मेंढ्यांचा रोग. बुळकांडी २०११ साली जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. हा मात्र आपल्या देशात १९८७ साली तमिळनाडूत प्रथम आढळला, आणि २०३० पर्यंत त्याचेही उच्चाटन करावे असा जागतिक संकल्प आहे. यावर औषध नाही. लस मात्र आहे, आणि ती चांगली आहे. एकदा टोचली की साधारण तीन वर्षे निर्धास्त. मी टोचून घेतली नव्हती. टोचली आहे काय, हे विकणाऱ्यास विचारलेही नव्हते.

तीन आठवड्यांत तेरा शेळ्या गेल्या. माझे पैसे गेले ते गेले. पण शेजारच्या वस्तीवर एक विधवा बाई दोन शेळ्यांवर घर चालवीत होत्या. त्यांच्या शेळ्या माझ्या बांधावर चरत असत. त्या दोन्ही मेल्या. मी त्यांचे पैसे भरून दिले. त्यांनी ते घेतले, काही बोलल्या नाहीत. परंतु पुढे वर्षभर त्यांनी आमच्या घरी पाऊल टाकले नाही. पतपेढीच्या सूचनेचा कागद वाचताना मला प्रथम त्या बाईंचा चेहरा आठवला. कर्ज घेणारा बुडतो, जामीन राहणारा बुडतो, हे आपण जाणतो. येथे ज्याने सहीही केली नाही, तोही बुडतो.

आता आरंभ कसा करावा, ते सांगतो.

प्रथम चारा. शेळी काहीही खाते, ही समजूत अर्धी खोटी आहे. ती नाना प्रकारचे खाते, पण मोठी चोखंदळ असते; पायाखाली तुडवलेला, लेंड्या पडलेला चारा ती तोंडात धरीत नाही. तिची निसर्गाने दिलेली सवय मान वर करून पाला ओरबाडण्याची आहे. म्हणून डहाळ्यांची पेंढी बांधून दाव्याने टांगावी, किंवा गव्हाण जमिनीपासून हात-दीड हात उंच करावी. नासाडी निम्म्याने कमी होते, आणि चाऱ्याबरोबर जंतांची अंडी पोटात जाण्याचाही संभव कमी होतो.

बांधावर शेवरी, हदगा, तुती लावावी. पाण्याखालच्या थोड्या जमिनीत लसूणघास व मका. माझ्याकडे तीन शेळ्या व त्यांची करडे यांना सहा गुंठे व भोवतालचे बांध पुरले. सुबाभूळ पौष्टिक खरी, परंतु तीत एक अपायकारक द्रव्य असते. हिरव्या चाऱ्यात तिचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नसावा. कोवळी अथवा पाण्यावाचून खुरटलेली ज्वारी शेळीस कदापि घालू नये. किराळ लागते आणि डॉक्टरास बोलावण्याइतकाही अवधी मिळत नाही. सुका चारा म्हणून तुरीचे, हरभऱ्याचे भुसकट कडब्यापेक्षा शेळीस अधिक रुचते. प्रौढ शेळीस दिवसाकाठी तीन-चार किलो हिरवे, किलोभर सुके, आणि पाव किलोच्या आसपास खुराक. दुधावर असल्यास लिटरमागे आणखी सुमारे तेवढाच. खुराक हळूहळू वाढवावा. लग्नघरचे उरलेले अन्न किंवा पोत्यातले धान्य प्रेमाने पुढे ओतले, तर पोट आंबून धडधाकट शेळी दोन दिवसांत मरते. हे मी आपल्याच ज्ञातीच्या एका लग्नानंतर पाहिले आहे.

हे सर्व लावून, उगवून, कापणीस येण्यास तीन-चार महिने लागतात. तेवढा काळ दावण रिकामी ठेवण्याचा धीर ज्याच्यापाशी नाही, त्याला कर्ज देऊ नये असे मी म्हणेन.

निवाऱ्याबद्दल फार बोलत नाही. कर्ज मिळाले की पक्क्या गोठ्यावर खर्च करण्याची आपल्याकडे हौस असते, आणि शेळीला त्याचे सोयरसुतक नसते. दर शेळीस दहा-बारा चौरस फूट छप्पर, त्याच्या दुप्पट मोकळे कुंपण, मुरमाची कोरडी जमीन, लांबी पूर्व-पश्चिम, पावसाची झड येणार नाही पण वारा खेळेल अशा भिंती, एवढे पुरे. कोकणात जेथे जमीन चार महिने ओली असते तेथे फळ्यांचा माचा करून त्यावर शेळ्या ठेवावयास पाहिजेत. थंडीपेक्षा ओल आणि कोंदट हवा अधिक मारते.

मग खरेदी. आपल्या प्रांतात दुधासाठी म्हणून पाहावयाची तर संगमनेरी आणि सुरती. संगमनेरी ही नाशिक, पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांतील. आमच्या हवेत मुरलेली. सुरती खानदेशातही सापडते. अंगाने लहान, बांधून पाळण्यास सोयीची, दुधास उत्तम. मराठवाड्याची काळी उस्मानाबादी काटक, जुळी देणारी, पण मुख्यतः मांसाची. वऱ्हाडात बेरारी, तळकोकणात कोकण कन्याळ. ज्या मुलखात राहावयाचे त्या मुलखाची शेळी प्रथम घ्यावी. उत्तरेकडील जमनापारी किंवा विलायती सानेन यांच्या दुधाची वर्णने ऐकून पहिल्याच वर्षी त्या आणणे म्हणजे चालावयास शिकण्यापूर्वी घोड्यावर बसणे होय.

बाजारातून घेऊ नये. शेळी ज्याच्या घरी वाढली त्याच्या घरी जाऊन घ्यावी. बाजारात कास तुंबवून आणतात. सकाळची धार काढलेलीच नसते. दुसरीचे करडू पुढ्यात सोडून ताजी व्यालेली म्हणून दाखवितात. रुमालाखाली बोटे दाबून दलाल आपसांत भाव ठरवितात, आणि आपण मास्तर लोक बाजूला उभे राहून ऊन खातो. घरी गेल्यास संध्याकाळी समोर कास पूर्ण रिकामी करावयास सांगावी, मुक्काम करावा, आणि सकाळची धार आपल्या मापाने मोजावी. नीट निवडलेली संगमनेरी दोन्ही वेळा मिळून लिटर-सव्वा लिटर देते. कोणी तीन लिटर सांगितल्यास चहा पिऊन उठावे. शक्य असल्यास तिची आई पाहावी. दुधाचा गुण आईकडून येतो, आणि बापाच्या आईकडूनही येतो. हे दुसरे कोणी विचारीत नाही.

वय दातांवरून. दोन दाती म्हणजे सव्वा वर्षाच्या आसपास, चार दाती दोन वर्षांची, सहा दाती अडीच-तीन, आणि सर्व दात जुळले म्हणजे चारच्या घरात. नवशिक्याने पहिले किंवा दुसरे वेत झालेली, चार दाती शेळी घ्यावी. कास हाताने चाचपावी. ती धार काढल्यावर रिकाम्या पिशवीसारखी मऊ पडली पाहिजे. आत गाठ लागली तर दगडी होऊन गेलेली आहे. सड दोनच आणि सारखे असावेत. खालची पापणी ओढून पाहावी. आतून लालगुलाबी हवी. पांढुरकी दिसल्यास जंतांनी रक्त शोषले आहे.

तीनच का? एकटी शेळी राहत नाही. दिवसभर ओरडते, दूध चोरते. दोन पुरतात, पण एक आजारी पडल्यास उरलेली एकटी. म्हणून तीन. शिवाय तीन शेळ्यांपैकी प्रत्येकीचा स्वभाव, लेंडीचा आकार, रवंथ, खोकला माणसाच्या ध्यानात राहतो. वीसांत ते राहत नाही. आणि जो तीनांत आजार ओळखावयास शिकला नाही, तो वीसांत तो ओळखेपर्यंत फार उशीर झालेला असतो. या तीनांच्या पाटी ठेवल्या, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी दहा शेळ्यांचा कळप घरचाच होतो. बाजारचा रोग नाही, आईचे दूध वहीत लिहिलेले, आणि कर्जही बहुधा फिटलेले.

नवी शेळी आणल्यावर ती तीन ते चार आठवडे सर्वांपासून दूर ठेवावी. तिचे पाणी, गव्हाण, खराटा निराळे. पहिल्यांदा तीनच असल्या तरी शेजाऱ्यांच्या जनावरांपासून दूर ठेवाव्या, हे मी कोणत्या अनुभवाने सांगतो ते आता आपणांस समजले आहेच. त्या मुदतीत सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन लशींचे वेळापत्रक लिहून घ्यावे. पीपीआर, पावसाळ्यापूर्वी आंत्रविषार व घटसर्प, वर्षातून दोनदा लाळ-खुरकूत, आणि आपल्या भागात देवीची साथ असल्यास तीही. आंत्रविषाराची प्रथमच टोचलेली लस दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा टोचावी लागते, हे पुष्कळजण विसरतात. जंताचे औषध मात्र दर महिन्यास सर्वांना पाजण्याची जी रीत पडली आहे ती चुकीची. त्याने जंत औषधास दाद देईनासे होतात. लेंडी तपासून, पापणी पाहून, जिला हवे तिला, वजनाच्या मानाने पाजावे.

धारेसाठी स्वतंत्र, गोठ्याबाहेरची स्वच्छ जागा आणि ढोपराइतका उंच लाकडी माचा असावा. शेळी त्यावर चढते, पुढे खुराक असतो, माणसाची पाठ वाकत नाही. आमच्या घरी धार मंडळी काढते. माझ्या हाताला शेळ्या पान्हा सोडीत नाहीत, हे मी मान्य केले आहे. कास ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी, पहिल्या दोन चिळकांड्या काळ्या वाटीत घेऊन गुठळ्या पाहाव्या, आणि मग मुठीने पिळावे. चिमटीने ओढल्यास सड दुखावतो. करडास जन्मल्यापासून तासाभरात चीक मिळालाच पाहिजे. पुढे तीन-चार आठवड्यांनी रात्री करडे निराळी ठेवावी, सकाळी धार काढावी, आणि दिवसा ती आईपाशी सोडावी. करडेही वाढतात आणि घरालाही दूध मिळते. गाभणकाळ सुमारे दीडशे दिवसांचा. त्यातील शेवटचे दोन महिने दूध आटवून शेळीस विश्रांती द्यावी.

तीन शेळ्यांसाठी बोकड ठेवू नये. त्याचा चारा जातो, आणि त्याच्या अंगाचा उग्र वास दुधास लागतो. शेळी माजावर आली, म्हणजे शेपटी हलवू लागली, ओरडू लागली, की चांगल्या बोकडाकडे न्यावी. पुढे स्वतःचा बोकड ठेवला तर त्याच्याच लेकी भरण्यापूर्वी तो बदलावा.

आता एका अवघड गोष्टीकडे वळतो. ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्यातील कित्येक घरे मांसाहार वर्ज्य मानतात. शेळी व्याल्याखेरीज दूध नाही, आणि जन्मणाऱ्या करडांत साधारण निम्मे बोकड. त्यांचे काय करावयाचे? मी पहिल्या वर्षी पाच बोकड ठेवून पाहिले. त्यांनी पाटींच्या तोंडचा चारा खाल्ला, कुंपण मोडले, आपसांत शिंगे फोडली. दुसऱ्या वर्षी ते विकले. घरात आम्ही ‘दिले’ असा शब्द वापरीत होतो. नातीने एकदा विचारले, ‘आजोबा, कोणाला दिले?’ तेव्हापासून ‘खाटकास विकले’ असे सरळ म्हणतो. दुधाचा व्यवसाय करताना याच पैशावर हिशेब तरतो, हेही सांगितले पाहिजे. ज्याच्या मनास हे पटत नाही त्याचा मी आदर करतो. परंतु त्याने हा व्यवसाय आरंभू नये, आणि पतपेढीने अर्ज घेतानाच हे घरातील सर्वांसमक्ष विचारावे.

दुधाविषयी दोन शब्द. महात्मा गांधींनी आजारपणात शेळीचे दूध स्वीकारले ही कथा सर्वश्रुत आहे, आणि दूध पचावयास हलके आहे हा अनुभवही खोटा नाही. पण ते तान्ह्या मुलास आईच्या दुधाऐवजी देण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे ती घातक आहे. या दुधात फॉलिक आम्ल फार थोडे असते. केवळ त्यावर वाढणाऱ्या मुलाचे रक्त कमी होते. तसेच डेंग्यूच्या साथीत लोक माझ्या दारात रांग लावतात आणि मागाल तो भाव देतात. या दुधाने डेंग्यू बरा होतो यास शास्त्रीय आधार नाही. म्हणून मी नेहमीचाच भाव घेतो, आणि रुग्णास आधी दवाखान्यात न्या असे सांगतो. कच्चे दूध कोणासही देत नाही, कारण गर्भपाताच्या संसर्गजन्य रोगाचे जंतू कच्च्या दुधातून माणसात येतात. उकळलेच पाहिजे.

हिशेबाची वही आमच्या मंडळींच्या हातची आहे. प्रत्येक शेळीचे पान निराळे; तारीख, दूध, माज, लस, औषध, विक्री. कष्ट सहसा घरातील स्त्रीच करते आणि कर्जाचा कागद पुरुषाच्या नावे असतो. माझी मंडळास विनंती आहे की, हे कर्ज तीन शेळ्यांपुरते द्यावे, ते घरातील स्त्रीच्या नावे द्यावे, आणि पुढील रक्कम वर्षभराची वही पाहून मग द्यावी. चारा उभा आहे काय, हे पतपेढीच्या माणसाने डोळ्यांनी पाहावे. छायाचित्रावर भागवू नये.

ज्या तरुणांस प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी आमच्या वस्तीवर अवश्य यावे. धारेची वेळ सकाळी सहा. मुक्कामास आल्यास उत्तम. संध्याकाळी त्या शेजारच्या बाईही येतात. त्यांच्याकडे आज सहा शेळ्या आहेत, पहिल्या दोन माझ्याच घरच्या पाटी. आणि शेळीची पापणी पाहून तिचे दुखणे ओळखण्यात त्या माझ्याहून पुष्कळ पुढे आहेत. येताना पायांतील वहाणा मात्र कुंपणाबाहेर काढून ठेवाव्या लागतील.